गवतावरचा बर्फ बघायला पोरांना कधी, कुठे न्यावं?

डोंबिवलीची_आई
जूनमध्ये आम्ही निफाडजवळ राहायला आलो. धाकटा चार वर्षांचा, त्याला गारठा म्हणजे एसी एवढंच ठाऊक. ताई नऊची. हिवाळ्यातलं तिलाही फारसं कळत नाही, पण ते तिने त्याला कळू दिलेलं नाही. परवा पहाटे गच्चीवर नेऊन तिने "हाऽऽ" करून दाखवलं. तोंडातून धूर! यानेही केलं आणि लगेच स्वेटर वर करून पोट तपासलं, आत चूल आहे का म्हणून. ताई म्हणाली, "काल बाजरीची भाकरी खाल्लीस ना, तिचा धूर आहे." तेव्हापासून पठ्ठ्या भाकरी मागून खातोय, त्यामुळे मी मधे पडले नाही. मग खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, थेंब पडेना. "तेल झोपलं" म्हणत माझी शाल तिला गुंडाळून ठेवली.

आता ताईने गवतावरचा बर्फ दाखवायचं कबूल केलंय, पेपरात फोटो येतात तसा. मोबाइलवर पहाटे चार-पाच अंश दिसतात. तेवढ्यात होतो का?

द्राक्षबाग_निफाड
होतो कधीकधी. तो आकडा साधारण चार फुटांवरच्या हवेचा. गवत त्याहून गार पडतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. ढग आले की विसरा. सखल जागा बघा, गार हवा तिथे साचते. सूर्य उगवायच्या आत पोचा, ऊन लागलं की दहा मिनिटांत पाणी. गवत नाही तर गाडीचा टप बघा.

पोरांची मजा होते, आमची झोप उडते. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात. पहाटे ठिबक सोडायचं, बागेत शेकोट्या पेटवायच्या. शेकोटीपाशी पोरं आली तर चालतील, धुरात उभी करू नका.

विज्ञानाच्या_बाई
भाकरीचं अर्धं बरोबर आहे! अंगातली ऊब अन्नातूनच येते. धूर मात्र नाही. श्वासातल्या वाफेला गार हवा लागली की तिचे बारीक थेंब होतात. फ्रिजमधल्या स्टीलच्या ताटलीवर "हाऽऽ" करायला लावा, बोटाला पाणी लागेल.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. शालीने उठणार नाही, शालीला स्वतःची ऊब नसते. बाटली कोमट पाण्यात उभी करा.

साताऱ्याची_आज्जी
महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी असे हिमकण आम्ही पाहिलेत. कानटोपी आणि मोजे घाला गं त्यांना. दव पडलेल्या गवतात कापडी बूट भिजतात, मग रडारड.

डोंबिवलीची_आई
सगळ्यांचे आभार. कालव्याकडची सखल जागा हेरून ठेवलीय, आभाळ बघून जाऊ. बाईंचं उत्तर ताईला वाचून दाखवलं. "अर्धं बरोबर" मधलं "बरोबर" तेवढं तिने ऐकलं, आणि भावाला आणखी एक भाकरी वाढायला सांगितलीय.