प्रतिसाद: डिसेंबरात नवख्यांसाठी सांदण दरी

डिसेंबरअखेर पुण्याहून आठ नवख्यांना घेऊन सांदण दरी (भंडारदऱ्याजवळची अरुंद, खोल कातळघळ) पूर्ण उतरावी का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की या खेपेस उतरू नये. दरीच्या माथ्याकडील साम्रद गावाच्या बाजूने आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर पाण्याचे दोन डोह लागतात, आणि पावसाळा सरून महिने लोटले तरी दुसऱ्या डोहात कमरेपर्यंत पाणी असू शकते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्यामुळे ओले कपडे अंगावर राहिले, की ऊन क्वचितच पोहोचणाऱ्या त्या कातळभिंतींमध्ये शरीर झपाट्याने गारठते. गारठलेल्या बोटांनी कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवायला धडपडणारा नवखा मी जवळून पाहिला आहे. स्क्रू त्याला दिसत होता, पण बोटांना जाणवत नव्हता. शिवाय पहिल्या रॅपलनंतर, म्हणजे दोराच्या आधाराने पहिला कडा उतरल्यावर, दोर ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी साम्रदमधील एखाद्या वाटाड्याला डोहांत किती पाणी आहे ते विचारावे, ते गुडघ्याखाली असेल तरच पहिल्या कड्यापर्यंत जावे आणि त्याच वाटेने परतावे. पूर्ण उतरण्याचा बेत डोह आटल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर आखावा. मात्र तेव्हा पिण्याचे पाणी अधिक घ्यावे.