‘उत्तेजक चाचणीत दोषी’ : डोपिंग, वहीम, आळ आणि ठपका

सायकल शर्यतींच्या मराठी बातम्यांत एक शीर्षक वारंवार दिसतं : ‘अमुक सायकलपटू उत्तेजक चाचणीत दोषी’. माझ्या दोन शंका आहेत. डोपिंगला ‘उत्तेजक सेवन’ म्हणणं बरोबर आहे का? आणि ज्याच्याबद्दल लोकांत नुसती कुजबुज आहे, सिद्ध काहीच झालेलं नाही, अशा खेळाडूबद्दल काय लिहावं? ‘संशयित’ म्हटलं की पोलिसांनी ताब्यात घेतल्यासारखं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

‘उत्तेजक’ हा शब्द एका काळापुरता चपखल होता. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि दगावला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडलं, जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्याही मिळाल्या. अ‍ॅम्फेटामिन हे खरोखरीच उत्तेजक. ते थकवा जाणवू देत नाही. शरीर ‘आता थांब’ म्हणत असतं आणि माणूस पायडल मारतच राहतो. फ्रान्सने १९६५ साली याविरुद्ध कायदा केला, त्यातही ‘स्टिम्युलंट’ हाच शब्द होता. आपला ‘उत्तेजक’ त्याच पिढीचा आहे.

पुढे मात्र प्रकार बदलला. १९९० च्या दशकात सायकलिंगला ज्याने पोखरलं ते ईपीओ, म्हणजे एरिथ्रोपोएटिन. हे मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावतं. त्याचं कृत्रिम रूप मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आलं आणि शर्यतींत शिरलं. ते टोचून घेतल्यावर तरतरी येत नाही, झोप उडत नाही. काही दिवसांनी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि चढावर जिथे इतरांची दमछाक होते तिथे हा माणूस वेग वाढवतो. दुसरा प्रकार रक्त चढवण्याचा : स्वतःचंच रक्त काढून थंड ठेवायचं आणि शर्यतीच्या वेळी परत चढवायचं. यात बाहेरचं द्रव्यच नाही, मग उत्तेजक कुठलं?

‘उत्तेजक’ म्हटलं की शर्यतीआधी गिळलेली एक गोळी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात काय होतं ते ८ जुलै १९९८ ला दिसलं. फेस्टिना संघाच्या मालिशवाल्याची गाडी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर अडवली, तर आत ईपीओ, वाढीचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन यांचा साठाच निघाला. सगळा संघ, त्याचा डॉक्टर, त्याचा व्यवस्थापक मिळून चालवलेली व्यवस्था होती ती.

म्हणून मी ‘डोपिंग’ तसंच ठेवतो. (मूळ डच शब्दाचा अर्थ बुडवून खायचं कालवण, तो फिरत फिरत अमेरिकेतून इथवर आला.) मराठीच हवं असेल तर ‘प्रतिबंधित द्रव्य’ आणि ‘प्रतिबंधित पद्धत’. ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, यादीत दोन्ही वेगवेगळी दिली आहेत आणि रक्त चढवणं पद्धतीत मोडतं.

प्रतिसाद

मला हे पटत नाही. शब्द पसरतात. ‘तेल’ तिळापासून आलं, पण शेंगदाण्याचं तेल म्हणताना कुणी अडखळत नाही. ‘शाई’ म्हणजे मुळात काळी, तरी आपण लाल शाई म्हणतोच. क्रीडापानाचा वाचक ‘उत्तेजक’ वाचून बरोबर तेच समजतो. शीर्षकात ‘प्रतिबंधित पद्धतीचा अवलंब’ कोण लिहिणार?

प्रतिसाद

तेलाचं मान्य. ‘उत्तेजक’वर मी अडून बसत नाही. पण त्या शीर्षकातला खरा घोटाळा ‘दोषी’ या शब्दात आहे. तिथे मी हटणार नाही.

चाचणी कुणाला दोषी ठरवत नाही. प्रयोगशाळा फक्त नमुन्यात काय आहे ते सांगते. मग ‘ब’ नमुना, म्हणजे त्याच वेळी राखून ठेवलेला दुसरा भाग, तपासून घेण्याचा हक्क असतो, खेळाडूचं म्हणणं ऐकलं जातं, औषधाची वैद्यकीय परवानगी होती का ते पाहिलं जातं आणि शेवटी सुनावणी करणारं मंडळ निर्णय देतं. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये वुएल्टा या स्पेनमधल्या शर्यतीत त्याच्या लघवीत साल्ब्युटामोल हे दम्याचं औषध मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम निघालं. मर्यादा १००० ची. औषधावर सरसकट बंदी नाही, मर्यादेपर्यंत ते चालतं. बातमी डिसेंबरात फुटली. २ जुलै २०१८ ला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने प्रकरण बंद केलं, नियमभंग झाला नाही म्हणून. मधल्या काळात जिथे जिथे ‘दोषी’ छापलं गेलं असेल, ते धडधडीत खोटं होतं.

उलट बाजूने आल्बेर्तो कोन्तादोर. २०१० च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल या प्रतिबंधित द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश सापडला, मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम. दूषित मांसातून आलं, असं त्याचं म्हणणं. क्रीडा लवादाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ते मानलं नाही. दूषित पूरक आहारातून आलं असण्याची शक्यता अधिक धरली. तरीही दोन वर्षांची बंदी आली, टूरचं विजेतेपद गेलं. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, हा नियम. हेतू सिद्ध झाला नाही, नियमभंग मात्र झाला. अशा ठिकाणी ‘नियमभंग’ हाच शब्द मला योग्य वाटतो.

आणि मार्को पान्तानी! ५ जून १९९९, मादोना दि कांपिल्यो. जिरो द’इतालिया या इटलीतल्या शर्यतीत तो आघाडीवर होता, शर्यत संपायला दोन दिवस उरले होते. सकाळी रक्त तपासलं तर तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. त्याला घरी पाठवलं, पण कागदोपत्री कारण होतं ‘आरोग्य’. ईपीओ ओळखणारी चाचणी तेव्हा वापरात आलीच नव्हती; ५० टक्क्यांचा नियम १९९७ पासून तात्पुरता बांध म्हणून घातलेला. म्हणजे त्या दिवशी तो चाचणीत दोषी ठरला नाही आणि निर्दोषही राहिला नाही. त्याच्या १९९८ च्या टूरमधल्या नमुन्यांत ईपीओ असल्याचं २०१३ साली फ्रेंच सिनेटच्या अहवालातून बाहेर आलं. तो २००४ मध्येच गेला होता.

प्रतिसाद

दुसऱ्या शंकेकडे कुणी वळलंच नाही. मराठीत यासाठी शब्दांची अख्खी उतरंड आहे. ती वापरत नाही म्हणून सगळं ‘संशयित’ आणि ‘आरोपी’ यांत कोंबलं जातं.

‘शंका’ मनात येते, तिला कारण लागत नाही. ‘वहीम’ला काहीतरी आधार लागतो आणि तो कुणावर तरी असतो, पूर्वीच्या पोलिसी भाषेत ‘माझा अमक्यावर वहीम आहे’ असं जबानीत येई. ‘आळ’ आणि ‘किटाळ’ हे शब्द ज्याच्यावर येतात त्याच्या बाजूचे. ‘चोरीचा आळ घेतला’ म्हटलं की ऐकणारा मनाशी धरतो, बिचाऱ्याने केलेली नसणार. ‘बालंट’ तर निखालस खोटं. ‘आरोप’ तटस्थ, पण तो कुणीतरी उघडपणे केलेला असावा लागतो. ‘ठपका’ चौकशीनंतर, अधिकार असलेल्या मंडळाने ठेवायचा. कुजबुजीला ‘पाणी मुरतंय’ आहेच.

आता ही उतरंड शर्यतीला लावून बघा. जुलै २०२४ च्या टूरमध्ये तादेय पोगाचार या सायकलपटूने प्लातो द बेयचा चढ पान्तानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला. ईपीओच्या काळातला विक्रम इतक्या फरकाने मोडला म्हटल्यावर लोकांच्या मनात शंका येणारच आणि ती बोलून दाखवणं गैर नाही. पण सायकली बदलल्या, टायर बदलले, तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात घालण्याची पद्धत आली, चढाच्या पायथ्यापासूनच वेग जबर होता. त्याच्याविरुद्ध एकही चाचणी नाही, एकही प्रकरण नाही. म्हणून इथे ‘शंका’ लिहावं. ‘वहीम’देखील जास्त होईल. शरीराच्या वजनाच्या किलोमागे किती वॉट शक्ती निघाली हा आकडा शंकेला खाद्य देतो, पुरावा देत नाही.

लान्स आर्मस्ट्राँगचं उलट झालं. १९९९ साली ख्रिस्तॉफ बासाँ या फ्रेंच सायकलपटूने डोपिंगबद्दल उघडपणे लिहिलं, तर आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत त्याला गाठून सुनावलं आणि बाकीच्यांनीही त्याला एकटं पाडलं. बासाँ टूर अर्धवट सोडून गेला. जो वहीम होता, त्याला तेव्हा ‘आळ’ समजलं गेलं, ‘मत्सर’ म्हटलं गेलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने सहकाऱ्यांच्या साक्षींसह सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला आणि आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं गेली. हा ठपका. तो मुख्यतः साक्षी-पुराव्यांवर ठेवला गेला, एखाद्या चाचणीच्या निकालावर नव्हे. बासाँसारख्यांचं जे नुकसान झालं ते या निर्णयाने भरून आलं नाही. चुकीचा शब्द कुणाच्या माथी बसतो याची मला म्हणूनच इतकी काळजी वाटते.

प्रतिसाद

छान उलगडा झाला. २०१६ च्या सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींच्या) जागतिक स्पर्धेत एका सायकलीत लपवलेली मोटर सापडली होती. त्याला ‘यांत्रिक डोपिंग’ म्हणावं का?

प्रतिसाद

नको. नियमात त्याला ‘तांत्रिक फसवणूक’ म्हटलं आहे. ‘सायकलीत मोटर लपवली’ असं सरळ लिहिलं तर सगळ्यात उत्तम.

आणखी एक. फ्रूमबद्दल ‘प्रकरण मिटवलं’ असं लिहू नका. ‘मिटवलं’ म्हटलं की कुणीतरी आतून दाबल्याचा वास येतो. ‘प्रकरण बंद झालं, नियमभंग आढळला नाही’ एवढंच लिहावं. ‘निर्दोष सुटला’ही नको, कारण सुनावणी होऊन निकाल लागलाच नव्हता.