मदत हवी आहे: दुकान, केळी आणि घर, तिन्हीला एकच पिकअप पुरेल का?

राम राम मंडळी,

चोपडा तालुक्यात एका गावात खत-बियाणं आणि ठिबकचं दुकान आहे, शिवाय चार एकर केळी. आतापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागवलं. जळगाव पन्नासेक किलोमीटर, फेरीला दोन हजारांच्या घरात जातात. त्याचं एवढं नाही, पण ऐन हंगामात गाडीवाला फोनच उचलत नाही. मागच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला, गिऱ्हाईक दारात उभं, गोण्या जळगावला, आणि आमचा गाडीवाला वऱ्हाड घेऊन शिरपूरला! त्याच दिवशी ठरवलं, आता स्वतःची गाडी.

घरच्या कारलाही 12 वर्षं झाली. ती विकून डबल कॅब पिकअप घ्यावी असं डोक्यात आहे. पुढे घरची पाच माणसं, मागे माल. बोलेरो कॅम्पर आणि डी-मॅक्स एस-कॅब या दोन पिकअप बघतोय. मन व्ही-क्रॉसवर, त्या दांडग्या हौशी पिकअपवर आहे, खोटं कशाला बोलू. वडिलांनी एकच विचारलं, "गाडी लोकेस्ले दखाडाले लेवानी का माल वाहाले?" (लोकांना दाखवायला घ्यायची की माल वाहायला?) मी गप्प.

रोजचं ओझं असं: डीएपी खताच्या 15-20 गोण्या, म्हणजे पाऊण ते एक टन. ठिबकच्या नळीची बंडलं. आठवड्यातून दोनदा पीव्हीसी पाईप, ते 20 फुटी. कापणीत उरलेले केळीचे घड कधीमधी. आणि महिन्यातून एकदा आईला धुळ्याला दवाखान्यात न्यायचं, तिच्या कमरेचा त्रास आहे.

एका गाडीत हे सगळं जमवणारं कोणी आहे का?

प्रतिसाद १
भाऊ, आधी आरसीवरचं वजन बघा. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी डबल कॅब दिसायला दांडग्या, पण कागदावर त्यांची माल वाहायची क्षमता एका टनाच्या बरीच खाली असते. 20 गोण्या टाकल्या की तुम्ही ओव्हरलोड. दंड 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000. भाड्याने दुसऱ्याचा माल नेताना अपघात झाला तर विमावाले हात वर करतात, ते वेगळंच.
पिवळ्या, म्हणजे धंद्याच्या पाटीला पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दरवर्षी. स्पीड गव्हर्नर असतो, वेग 80 च्या वर जात नाही. घरच्या प्रवासाला कंटाळा येईल, धंद्याला काही फरक पडत नाही. लायसनची काळजी नको. 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्का मारलाय.

प्रतिसाद २
यावलकडचा केळीवाला आहे. पिकअपचे पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वजनासाठी बनवलेले असतात. एक टन भरला की गाडी अशी बसते की चहा सांडणार नाही. रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यात उडते. आईंना धुळ्याला नेणार त्या दिवशी गाडी रिकामीच असणार ना? घडांचंही तेच. आठ-दहा घड टाकून निघालात तर खाली पानं कितीही अंथरा, साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो.
आणि हौद्याची उंची बघा. त्या मोठ्या फोर बाय फोर गाड्यांचा फाळका पाडला तरी कमरेला येतो. 50 किलोची गोणी तिथवर उचलायला हमाल एकदा तयार होईल, दुसऱ्यांदा जास्त पैसे मागेल.

प्रतिसाद ३
दादा, व्ही-क्रॉस घ्या. आयुष्य एकदाच मिळतं. माल भाड्याने येईल. 😄

धागाकर्ता
तिसऱ्या दादांचं वडिलांना वाचून दाखवलं नाही 🙏

काल टेप घेऊनच जळगावला शोरूमला गेलो. सेल्समन मायलेज सांगत होता, मी हौद्यात उतरून माप घेत होतो. डबल कॅबचा हौदा लांबीला पाच फुटांच्या आसपास भरला, त्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे फुगवटे. नळीची बंडलं एका थरात कशीबशी दोन. 20 फुटी पाईप तर फाळका पाडून, केबिनवरून तिरपा बांधला तरी मागे लांब लोंबणार. चोपड्याच्या रस्त्यावर रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तो तोंडासमोर. शेंड्याला लाल फडकं बांधून किती दिवस निभावणार?

तिथेच शेजारी सिंगल कॅब उभी होती. हौदा जवळपास दुप्पट, तिन्ही बाजूंचे फाळके पडतात, गोणी सरळ दुकानाच्या ओट्यावर सरकवता येते. मग ठरलं. सिंगल कॅब बोलेरो पिकअप, 1.7 टनाची. कार विकायची नाही. क्लच आणि सस्पेन्शनचं काम करून ती आईसाठी ठेवतो.

आता एवढंच सांगा: केबिनवर पाईपसाठी लोखंडी घोडी बसवून घ्यायची आहे. ती पासिंगच्या आधी बसवू की नंतर? आणि चोपडा-जळगाव पट्ट्यात चांगलं वेल्डिंग कोण करतं, माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.