पित्त, उसण, अंग मोडून येणे: जर्मनमध्ये कसं सांगायचं?

सुरुवात सोपी आहे. श्मेर्त्सेन म्हणजे वेदना. त्याआधी अवयव जोडला की शब्द तयार. कोप्फश्मेर्त्सेन डोकेदुखी, बाउखश्मेर्त्सेन पोटदुखी. दक्षिणेकडे कोप्फवे, बाउखवे जास्त ऐकू येतं. हाल्स म्हणजे गळाही आणि मानही, पण हाल्सश्मेर्त्सेन म्हटलं की घसाच. मान आखडली असेल तर नाकेन म्हणायचं.

वाक्यं मात्र इंग्रजीवरून बेतू नका, मराठीवरून बेता. ‘मला मळमळतंय’ म्हणजे ‘मिअर इस्ट श्लेश्ट’. मिअर म्हणजे चक्क ‘मला’. ‘इश बिन श्लेश्ट’ म्हणालात तर ‘मी वाईट आहे’ असा अर्थ होतो. चक्कर येते, थंडी वाजते, तिथेही मिअरच: ‘मिअर इस्ट श्विंडेलिश’, ‘मिअर इस्ट काल्ट’. आपल्याला हे घरचंच आहे.

काही जोड्या फार छान जुळतात. तापात अंग मोडून येतं त्याला ग्लीडरश्मेर्त्सेन, शब्दशः हातापायांचं दुखणं. बादली उचलताना कंबरेत उसण भरली तर हेक्सनशुस. हेक्से म्हणजे चेटकीण, शुस म्हणजे तिने मारलेला नेम. पोटरीत गोळा आला तर वाडेनक्राम्प्फ.

खरी अडचण पित्ताची. गाले हा शब्द कोशात सापडतो, पण तो डॉक्टरांपुढे वापरला तर ते पित्ताशयाचा विचार करतील. आपण एकाच शब्दात तीन तक्रारी बसवतो, त्या आधी सुट्या करायला हव्यात. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं म्हणजे झोडब्रेनन. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या तर नेसेलझुख्ट. पित्ताने डोकं चढलं असेल तर कोप्फश्मेर्त्सेन सांगून मळमळ वेगळी सांगावी. अर्धं डोकं ठणकत असेल तर मिग्रेने.

नाक चोंदलं असेल तर नुसतं ‘फेरश्टोप्फुंग’ म्हणू नका, ते बद्धकोष्ठ झालं. ‘नाझं’ हा शब्द हवाच: ‘माइनं नाझं इस्ट फेरश्टोप्फ्ट’.

दुखणं कसं आहे हेही विचारतात. ठसठसतंय तर पोखेंट, टोचल्यासारखं श्टेशेंट, जळजळतं ते ब्रेनेंट.

घशातल्या खवखवीसाठी हाल्सक्रात्सेन चांगलं चालतं. ‘कणकण’साठी मात्र ‘एर्होएटे टेम्पराटूर’ फार कोरडं वाटतं. त्यात थर्मामीटर आहे, अंगातली ती कसर नाही. तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणी बोलण्यातला याहून जवळचा शब्द ऐकला असेल, तर जरूर सांगा.