मदत हवी आहे: बांधावरच्या झाडांपायी डाळिंबाच्या दोन ओळी दबल्या, तोडू का?

सांगोलकर_डाळिंब: वारं अडवायला 4 वर्षांपूर्वी बांधाला झाडं लावली. वाऱ्यानं फळं फांदीला घासून डाग पडायचे, ते कमी झालं. पण आता बांधाकडच्या दोन ओळी दबल्यात. दुपारी माना टाकतात, फळ लिंबाएवढं. बाकी बाग मस्त. वडील म्हणतात मशीन लाव आणि झोपव सगळी. तोडू की नको एवढंच सांगा, बहार चालू आहे.

रानवाटा: झाडं कसली? कुठल्या दिशेला? पहिली ओळ किती फुटांवर?

केळीवाला_रावेर: अजिबात तोडू नका भाऊ. आमच्याकडे केळीच्या कडेनं शेवरी टोकल्याशिवाय कुणी राहत नाही. उन्हाळ्यात झळ लागली की पानांच्या चिंध्या. शेवरीच लावा.

सांगोलकर_डाळिंब: दादा, केळी नाही, डाळिंब आहे. आणि लावायचं नाही, तोडायचं विचारलंय.

रानवाटा: झाडं कसली ते राहिलंच.

सांगोलकर_डाळिंब: सुरूची झाडं. पश्चिमेला. पंचवीस-तीस फूट झालीत. पहिली ओळ 8 फुटांवर.

बांधकरी: 8 फूट? मग झाडांना कशाला दोष देता! सुरू काय, निलगिरी काय, दोन्ही पाणी पिऊन टाकतात.

माती_परीक्षक: सुरू म्हणजे निलगिरी नव्हे. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, ती हवेतला नत्र धरते. पाणी घेते हे मात्र खरं. हिशेब असा: 30 फुटी झाडांच्या ओळीमागे उंचीच्या 10 ते 15 पट, म्हणजे 300 ते 450 फुटांपर्यंत वारा मंदावतो, जमिनीतली ओल कमी उडते. उंचीएवढ्या अंतरात मुळांची ओढाताण होते. त्यात ठिबक, कोरड्या रानात ओल तेवढीच, मुळं तिकडंच येणार. दोन ओळी गेल्या तरी मागच्या वीसेक ओळी फायद्यात आहेत. तोडू नका, मधे 3 फूट खोल चर मारा, बांधाच्या बाजूनं जाड प्लास्टिक सोडा. दोनेक वर्षांनी चर पुन्हा उकरावा लागतो.

बांधकरी: 8 फुटांत चर कुठं मारणार? सुरूच्या बुडाशी मारला तर पहिल्या वादळात झाड बागेत. डाळिंबाकडं सरकलात तर त्याचीच मुळं तुटतील, तीही बहारात. मी असतो तर पहिली ओळ सोडून दिली असती.

माती_परीक्षक: बहार उतरल्यावर मारायचा, आत्ता नाही. लिहायचं राहिलं.

नेब्रास्कातला_नातू: आमच्याकडे धुळीच्या वादळांनंतर रूझवेल्टनं 1934 ला झाडांचे पट्टे काढले, 1942 पर्यंत सुमारे 22 कोटी झाडं लागली. अजून कुठंकुठं दिसतात. सांगोल्यातही सरकारनं...

केळीवाला_रावेर: साहेब, त्यांच्या दोन ओळींचं बोला.

आटपाडीची_ताई: मी दाट भिंत केली होती, शेवरी आणि गिरिपुष्प मिसळून. वारं वरून उडी मारून मधल्या झाडांवर आदळायचं. आता खालच्या फांद्या छाटून निम्मं वारं गाळून येऊ देते. एक विचारते, त्या दोन ओळी सबमेनच्या, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाच्या, टोकाला आहेत का?

सांगोलकर_डाळिंब: हो. त्याचं काय?

आटपाडीची_ताई: ड्रिपर ताशी 4 लिटरचा ना? 15 मिनिटं खाली डबा ठेव. लिटरभर भरायला हवा.

बांधकरी: सगळ्याचं खापर ठिबकवर फोडू नका.

सांगोलकर_डाळिंब: ठेवला. मधल्या ओळीत लिटरला जरा कमी, बांधाकडं अर्धा लिटरही नाही. पाइपाचं टोक सोडलं तर गाळ निघाला, वडील तोंडावर हात ठेवून बघत राहिले. पण ड्रिपरखाली खणलं तर केसासारखी मुळंही आहेत. गाठीसुद्धा दिसतात. म्हणजे सुरूच ना?

माती_परीक्षक: थांबा! सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत, लागले तर डाळिंबाच्या मुळालाही गाठी येतात, आणि झाड असंच माना टाकतं. एक मूळ धरा आणि कुठं जातंय ते बघत जा. डाळिंबाच्या खोडाकडं गेलं तर मुळं आणि माती तपासायला द्या.

सांगोलकर_डाळिंब: अंधार पडला. सकाळी बघतो. मशीनवाल्याला नको म्हणून कळवलंय तूर्तास.

मांडववाला: तोडलीच तर सुरूचे वासे कसे देणार? द्राक्षाच्या मांडवाला हवेत.