मदत हवी आहे: कृतज्ञतेच्या वहीत 'वरीलप्रमाणे'

नमस्कार मंडळी,

दोन महिने झाले, रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि डोक्यात उद्याची मीटिंग सुरू होते. डॉक्टरांनी रक्तबिक्त तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. "ताण कमी करा," म्हणाले. जसं काही ते भाजीतलं मीठच आहे! शेवटी स्वतःच वाचून सजगतेचा सराव आणि कृतज्ञतेची वही असं दोन्ही एकदम चालू केलं. सकाळी वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि रात्री झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या.

पहिला आठवडा बरा गेला. काल वही चाळली तर, पहिल्या दिवशी 'आईबाबा, तब्येत, नोकरी'. दुसऱ्या दिवशी 'नोकरी, तब्येत, आईबाबा'. चौदाव्या रात्री डोळ्यावर इतकी झोप होती की चक्क 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळी झालेय. त्याखाली तारीखसुद्धा आहे!

हसायला आलं, पण खरी अडचण पुढेच आहे. माझं काम साहेबांनी स्वतःच्या नावावर खपवलं, त्याच दिवशी रात्री मी 'नोकरी' लिहिलं आणि पेन आपटून ठेवलं. मग स्वतःचाच राग आला, की एवढं सगळं असताना तुझी कुरकुर कसली? म्हणजे वही लिहून मन हलकं व्हायच्या ऐवजी अपराधी वाटायला लागलंय.

श्वासाचंही तेच. लक्ष दिलं की श्वास अडखळतो, छातीत दडपल्यासारखं होतं. विचार तर क्षणभर थांबत नाहीत. माझं काही चुकतंय, की हे सगळ्यांना जमतंच असं नाही? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

विचार थांबवायचे आहेत हे कुणी सांगितलं तुम्हाला? मन भटकणारच. 2010 साली 2,250 प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारून एक अभ्यास झाला होता. त्यात जवळजवळ 47 टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामावर नव्हतंच. भटकलं हे लक्षात येणं आणि न चिडता परत आणणं, व्यायाम तेवढाच. वीस मिनिटांत पन्नास वेळा भटकलं तर पन्नास वेळा व्यायाम झाला म्हणायचं.

छातीत दडपतं तर श्वास सोडून द्या की! श्वासाशी लग्न लागलेलं नाही आपलं. मलाही व्हायचं तसं. डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीला कुठे टेकलेत, टाच जड वाटते की बोटं, तेवढंच बघायचं. नाहीतर पंख्याचा आवाज ऐकायचा. वीस मिनिटं नकोत, पाच पुरे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जो सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही नुसता श्वास नाही. पडून एकेका अवयवाकडे लक्ष नेणं आहे, सावकाश केलेली योगासनं आहेत. शिवाय समोर शिकवणारा असतो. आपण एकट्याने करतो आणि अडलं की स्वतःलाच दोष देतो.

प्रतिसाद २

'वरीलप्रमाणे' भारी! मी तर 'कालचेच' लिहायचे.

ताई, वही रोज लिहायची काही गरज नाही. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या 2003 च्या प्रसिद्ध शोधनिबंधातल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं. रोज तेच लिहिलं की हात लिहितो आणि मन भलतीकडेच असतं. दुसरं म्हणजे, मानसशास्त्रज्ञ सेलिगमन यांच्या 2005 च्या अभ्यासात तीन चांगल्या गोष्टींसोबत त्या का घडल्या हेही लिहायचं होतं. हा 'का' आपण सगळे गाळतो.

'नोकरी' ही काही गोष्ट झाली नाही, ते नुसतं मथळ्याचं नाव आहे. माझ्या वहीतली एक नोंद देते: 'माझ्या तक्त्यातली बेरीज चुकली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चारचौघांत न बोलता खुर्ची सरकवून हळूच दाखवली. का? गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये माझी झालेली फजिती त्यांनी पाहिली होती.' आठवड्यात असं एक सापडलं तरी मला पुरतं.

आणि साहेबांवरचा राग खरा आहे, तो का गिळताय? त्याला वेगळं पान द्या. चांगलं आठवायचं म्हणून झालेला अन्याय विसरायचा, अशी अट कुणी घातलेली नाही.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत, पण दोन महिने झोप मोडतेय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दिवसातला बराच वेळ उदास वाटणं, कशातच रस न वाटणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरावाने छातीतलं दडपण वाढतच गेलं तर तो थांबवा आणि त्यांना तसं सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र आजच जवळच्या माणसाला सांगा, थांबू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तसले विचार नाहीत, काळजी नसावी. पण शुक्रवारी समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

चार दिवस तळपायांचा प्रयोग केला. डावी टाच उजवीपेक्षा जास्त टेकते, हा शोध इतक्या वर्षांत पहिल्यांदा लागला. छातीत दडपलं नाही. दोन वाजता जाग येतेच अजून.

वहीत या आठवड्याची एकच नोंद झाली, 'का'सकट. साहेबांना वेगळं पान दिलं होतं, त्याची साडेतीन पानं झालीत आणि तिथे 'वरीलप्रमाणे' लिहायची वेळ अजून आलेली नाही.