दीर्घिकेचं भवितव्य केंद्रातलं कृष्णविवर ठरवतं का?

अंजनेरीकर (धागाकर्ता)

रविवारी आमच्या नाशिकच्या आकाशनिरीक्षण गटात एक वाद रंगला आणि तिथे मिटला नाही, म्हणून इथे आणतोय. माझं म्हणणं असं की, दीर्घिकेत (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) नवे तारे किती काळ जन्मत राहणार हे शेवटी तिच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर ठरवतं. गटातल्या निम्म्या लोकांना हे पटलं नाही.

त्यांची शंका रास्त आहे. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर अंजनेरीच्या पायथ्याशी गेलात तर दक्षिणेला धनू राशीत आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा दिसतो. केंद्र त्याच दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. तिथल्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं. पण त्याच्या गुरुत्वाची सत्ता दहाएक प्रकाशवर्षांतच संपते, त्यापुढे ताऱ्यांच्या गर्दीचं गुरुत्व वरचढ ठरतं. मग लाखभर प्रकाशवर्षं पसरलेल्या दीर्घिकेवर त्याचा काय जोर चालणार?

जोर गुरुत्वाचा नाहीच, ऊर्जेचा आहे. वायू आत पडण्याआधी भोवतालच्या चकतीत फिरतो, भयंकर तापतो आणि त्याच्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा होऊन बाहेर पडतो. कृष्णविवर वाढता वाढता बाहेर पडलेली ही सगळी ऊर्जा मोजली, तर दीर्घिकेचा मध्यफुगवटा (केंद्राभोवतीचा ताऱ्यांचा दाट फुगीर भाग) बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या ती ८० पटींहून जास्त भरते. त्यातला थोडा वाटा वायूला लागला तरी पुरे. तारे थंड वायूतून बनतात. वायू थंडच होऊ दिला नाही तर तारे येणार कुठून?

शिवाय २००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलेला एम-सिग्मा संबंध आहेच. फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांत जितकी तफावत जास्त, तितकं केंद्रातलं कृष्णविवर जड. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसता तर हे इतकं जुळलं असतं का?

---

निफाडचा बागायतदार

शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. आमच्या प्लॉटमध्ये ज्या वेलीचं खोड जाड तिचे घडही वजनदार असतात. म्हणून खोडाने घड मोठे केले असं कोणी म्हणत नाही. दोघांना पाणी आणि खत एकाच ठिबकमधून मिळालेलं असतं. कृष्णविवर आणि फुगवटा दोन्ही एकाच वायूवर पोसले गेले, तर जुळण्यासाठी त्यांनी एकमेकांना आवरायची गरज काय?

त्याहून पुढची गोष्ट २०११ मध्ये यानके आणि माच्चिओ यांनी गणकावर दाखवली. सुरुवातीला कृष्णविवरांची आणि दीर्घिकांची वस्तुमानं एकमेकांशी संबंध नसलेली, वाटेल तशी घेतली. मग विश्वाच्या इतिहासात होतात तशी दीर्घिकांची विलीनीकरणं होऊ दिली. प्रत्येक विलीनीकरणात दोन्हींची बेरीज होते आणि सरासरीने गुणोत्तर एका ठरावीक आकड्याभोवती घट्ट होत जातं. निव्वळ जुळणी दिसली म्हणून कारण सापडलं, असं होत नाही.

---

रेवती_कॉलेजरोड

बागायतदार दादा, जुळणीपुरतं तुमचं मान्य. पण बेरजेने वायू गरम होत नाही! ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकागुच्छाचं बघा. मधली दीर्घिका एनजीसी १२७५. भोवतालचा कोट्यवधी अंश तापलेला वायू क्ष-किरणांतून सतत ऊर्जा गमावतोय. हिशेबाने दर वर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड होऊन तारे बनायला हवेत. प्रत्यक्षात बनतात त्याहून फारच कमी. म्हणजे कोणीतरी तो वायू परत तापवतंय.

कोण, ते चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात दिसतं. केंद्राच्या दोन्ही बाजूंना वायूत मोठ्या पोकळ्या आहेत, आणि रेडिओ लहरींत पाहिलं की नेमक्या त्याच जागा कृष्णविवराच्या जेटने (जवळून प्रचंड वेगाने सुटणाऱ्या झोताने) सोडलेल्या कणांनी भरलेल्या दिसतात. २००३ मध्ये त्याच वायूत केंद्रापासून दूर पसरत जाणारी वलयंही सापडली, म्हणजे दाबाच्या लहरी. मी हे चित्र वर्गात दाखवते तेव्हा मुलं पुढची स्लाइड लावू देत नाहीत.

---

खोडद_फेरी

ताईंना +१. आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. पुणे महामार्गाने नारायणगावपर्यंत जाऊन आत वळलं की खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. भुजंगधारी गुच्छात, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, क्ष-किरणांच्या चित्रात एक वाकडी कड दिसत होती. ती जेटने कोरलेल्या पोकळीची भिंत आहे, हे २०२० मध्ये जीएमआरटीच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ निरीक्षणांनी पक्कं केलं. त्या पोकळीत आपल्यासारख्या १५ आकाशगंगा एका रांगेत मावतील.

---

निफाडचा बागायतदार

खोडदचं काम अभिमानाचंच आहे. पण ताई, ही दोन्ही उदाहरणं गुच्छाच्या मध्यावर बसलेल्या अवाढव्य दीर्घिकांची आहेत. धाग्याचं विधान सगळ्या दीर्घिकांबद्दल आहे. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ घ्या. तिच्या केंद्रात कृष्णविवर असलंच तर १५०० सूर्यांहून जड नाही, आणि तरीही ती दीर्घिका व्यवस्थित तारे घडवतेय. तिचं भवितव्य कोण ठरवतंय?

आणि जेट नेहमी तारे रोखतातच असंही नाही. ‘मिंकोव्हस्कीज ऑब्जेक्ट’ म्हणून ओळखली जाणारी छोटी दीर्घिका शेजारच्या जेटच्या वाटेत आली. तिथला वायू दाबला गेला आणि त्यातून नवे तारे जन्मले.

---

अंजनेरीकर

एम ३३ ला मध्यफुगवटा जवळपास नाहीच, त्यामुळे ती माझ्या बाजूचाच पुरावा आहे: फुगवटा नाही तिथे महाकाय कृष्णविवरही नाही. आपल्या आकाशगंगेत तर २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीने केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंचीचे गॅमा किरणांचे फुगे शोधले. आज शांत बसलेल्या कृष्णविवराने पूर्वी एवढा उद्रेक केला असेल, तर लहान दीर्घिकाही यातून सुटत नाहीत.

---

रेवती_कॉलेजरोड

त्या फुग्यांवर भिस्त ठेवू नका, सर. केंद्राजवळ ताऱ्यांच्या जन्माची मोठी लाट येऊन गेली असेल आणि त्यांच्या स्फोटांनी ते फुगवले असतील, हा पर्याय अजून बाद झालेला नाही.

मला जास्त अडचणीचं वाटतं ते वेब अवकाश दुर्बिणीचं. विश्व शंभर कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हाची कृष्णविवरं तिने दाखवली आहेत. आज कृष्णविवराचं वस्तुमान फुगवट्याच्या हजारातल्या काही भागांइतकं असतं. वेबला दिसलेल्यांपैकी काहींचं मात्र त्यांच्या-त्यांच्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या मानाने कितीतरी मोठं निघालं. दोघं हातात हात घालून वाढले, या कथेत ते बसत नाही.

---

निफाडचा बागायतदार

पण सरासरीच्या कथेत बसतं. सुरुवातीला गुणोत्तर विखुरलेलंच असणार, काही जड, काही हलकी. इतक्या लांबून तेजस्वी म्हणजे जडच तेवढी दिसतात. हलकी शोधा, मग बोलू.

---

रेवती_कॉलेजरोड

हलकी सापडायला वेळ लागेल. त्याआधी जवळच्या दीर्घिकांतला थंड वायू मोजता येतो, आणि तिथे अंजनेरीकर सरांना उत्तर द्यावं लागेल. कृष्णविवर जोरात खात असलेल्या पुष्कळ दीर्घिकांत थंड वायू भरपूर सापडतो. केंद्र तो हुसकावून लावतंय, तर तो अजून तिथे काय करतोय?